उपवासाला संत्रे चालते

विद्यार्थ्यांचे वर्गीकरण करण्याची मला हौस आहे. धीट, बोलका, लाजाळू, घुमा असे माझे कप्पे. आणि सिद्धान्त असा, की व्यसनाकडे धीट मुलगा आधी वळतो. प्रताप नगरात मी मुलांच्या संघाला कबड्डी शिकवतो. चढाईला जाणारा त्यांतला एक पोरगा भलताच द्वाड. त्याचे खिसे मी रोज तपासत असे. डाव्या कोपऱ्यात पकडीला उभा राहणारा दुसरा मात्र इतका आज्ञाधारक, की त्याच्या खिशाकडे पाहणेही मला असभ्य वाटे.

रविवारच्या सामन्यासाठी संघ निवडायचा होता. खर्रा खाणारा संघाबाहेर, हा माझा नियम. सुपारी-तंबाखूचा हा घोटलेला ऐवज तोंडात असला, की माणूस रस सांडू नये म्हणून हनुवटी आकाशाकडे धरतो. त्या संध्याकाळी माझा आज्ञाधारक गडी ढग न्याहाळत उभा होता.

"गुडघा बरा आहे का रे?"

"हूं."

"बोलत का नाहीस?"

द्वाड तत्परतेने पुढे आला. "सर, मौन आहे त्याचं. उपवास धरला त्यानं, आपण जिंकावं म्हणून."

मी पिशवीतून नरखेडचे संत्रे काढले, सावकाश सोलले आणि एक फोड पुढे केली. "उपवासाला फळ चालते."

"आंबट असंन, सर," उत्तर पुन्हा द्वाडानेच दिले.

मी एक फोड स्वतः खाल्ली. "गोड आहे."

आज्ञाधारकाने फोडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तो भिंतीमागे पळाला. परतला तेव्हा हनुवटी छातीला टेकली होती.

"काढू नका त्याले, सर," द्वाड कधी नव्हे तो गंभीर झाला. "मोठी पोरं देतात, अन् याले नाही म्हणताच येत नाही. मले कोणी देतच नाही. मी शिव्या देतो ना!"

सिद्धान्ताची ही दुरुस्ती मी मुकाट्याने स्वीकारली आणि अट घातली: शनिवारपर्यंत नकार द्यायला शिकला, तरच संघात जागा. शिकवणीचे काम द्वाडाकडे सोपवले. ते त्याने चिंता वाटावी इतक्या कौशल्याने केले.

"घे ना गा, एक चिमूट! दोस्त नाही काय तू माझा?"

"न... नको."

"काहून कुजबुजून राहिला बे? ऐकू नाही आलं!"

हळूहळू तो नकार रस्त्यापलीकडच्या भाजीवालीलाही ऐकू जाऊ लागला. एकदा तिने दचकून विचारले, "काय नको वं माय या पोराले?"

शनिवारी मी आज्ञाधारकाला म्हणालो, "डावा कोपरा तुझा."

"नको, सर."

त्याने डाव्या कोपऱ्याकडे पाठ फिरवली.

"मले चढाईले जायचं आहे."

द्वाडाने हसू लपवण्यासाठी बुटाची नाडी बांधायला घेतली; त्याच्या पायांत चपला होत्या. उत्तर शिकवल्याबरहुकूम असल्याने मला ते चूक ठरवता येईना. रविवारी तो चढाईला गेला आणि पहिल्याच वेळी चौघांच्या खाली सापडला. त्या ढिगाऱ्यातूनही "कबड्डी, कबड्डी" स्वच्छ ऐकू येत होते.