कॅरिअर लावलेली सायकल

बाबांना सायकल घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली, मागे कॅरिअर हवं. गराज सेलमध्ये मिळालेल्या जुन्या सायकलला गिअर होते, ब्रेक होते, पण कॅरिअर नव्हतं. इकडे अमेरिकेत ते वेगळं मागवून बसवून घ्यावं लागतं. मी वैतागले. कॅरिअरला लावून काय मेथीच्या जुड्या आणणार आहात का, असं विचारलं. ते म्हणाले, असू दे गं.

आईला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. बाबांना पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकटं ठेवणं माझ्या जिवावर आलं, म्हणून त्यांना इकडे माझ्या घरी, अ‍ॅशबर्नला आणलं. सहा महिने राहतो म्हणून आले आणि महिन्याभरातच परतीचं तिकीट अलीकडचं करून दे म्हणून मागे लागले. आईबद्दल मात्र चकार शब्द नाही. रडणंही नाही. नुसते मूग गिळून खिडकीशी बसायचे. मला त्याचा राग यायचा आणि रागापेक्षा जास्त भीती वाटायची. असा मिटून गेलेला माणूस तिकडे एकटा कसा राहणार?

म्हणून ही सायकल. आमच्या घरामागून एक ट्रेल जाते. पूर्वी तिथून रेल्वे जायची, मग रूळ उखडून डांबर टाकलं. आगगाडीला फार चढ झेपत नाही, त्यामुळे वाट लांबवर सपाट आहे आणि बाबांच्या गुडघ्यांना सोयीची. एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला डेटा सेंटरच्या अवाढव्य इमारती. त्यांना खिडक्या नाहीत हे पाहून बाबांनी विचारलं, इथे कैदी ठेवतात का? तुमचे जावई तिथेच कामाला आहेत म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला.

या ट्रेलला मधून मधून रस्ते आडवे येतात. तिथे थांबायचं, गाड्या बघायच्या आणि मग पलीकडे जायचं. पहिल्याच क्रॉसिंगला बाबा पुढे होते, मी माझ्या सायकलवर मागे. निघताना मान न वळवता ते म्हणाले, "धर गं."

"सायकल येते मला, बाबा," मी म्हटलं.

पण पुढच्या क्रॉसिंगला पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्यालाही. लग्नाच्या वयाला आलेल्या मुलीची आई मी, आणि हे मला हँडल धरायला सांगतायत! मी घरी येऊन नवऱ्याकडे कुरकुर केली.

पुढच्या शनिवारी मी एका क्रॉसिंगवरून आधी पलीकडे गेले. तेवढ्यात ट्रक आला म्हणून बाबा अलीकडेच राहिले. त्यांच्या मागे कुणीही नव्हतं. ट्रक गेला, मागची गाडी त्यांच्यासाठी थांबली. बाबांनी पेडलवर पाय ठेवला आणि त्यांचे ओठ हलले. धर गं. मग ते तसेच उभे राहिले. गाडीतली बाई हाताने 'जा, जा' करत होती, तरी ते कशाची तरी वाट बघत होते.

आई लग्नकार्यांत हमखास सांगायची ती गोष्ट मला आठवली. नवं लग्न झालेलं, बाबांच्या सायकलवर ती डबलसीट. सिग्नलला तिची चप्पल पडली म्हणून ती उतरली. सिग्नल सुटला आणि बाबा निघाले, ते गप्पा मारत थेट घरापर्यंत. सायकल स्टँडला लावताना बघतात तर कॅरिअर रिकामं! तेव्हापासून दोघांचा नियमच झाला. बाबांनी "धर गं" म्हणायचं, आईने मागून त्यांचा शर्ट ओढायचा, मगच पेडल मारायचं. पुढे स्कूटर आली तरी नियम तोच राहिला.

बाबा रस्ता ओलांडून आले. मी विचारलं, "आईला म्हणता ना ते?"

ते हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले. सवय, एवढंच म्हणाले. मग कॅरिअरवर हात ठेवून म्हणाले, "तेव्हा उतरली तर निदान हाक तरी मारली होती म्हणे, मलाच ऐकू गेली नाही. या वेळी हाकही मारली नाही गं. मी उठून दोघांचा चहा टाकला."

आणि ते रडायला लागले, तिथेच, ट्रेलच्या कडेला. पळायला आलेला एक माणूस थांबून "यू ओके, सर?" म्हणाला. बाबांनी हात वर करून त्याला ओके केलं आणि पुन्हा रडू लागले. मीही रडले. तिकिटाचं नाव त्या दिवशी कुणीच काढलं नाही.

परतताना त्याच क्रॉसिंगला बाबा पुढे होते. गाड्या थांबल्या, पण या वेळी त्यांच्या तोंडून शब्द निघेना आणि ते जागचे हलेनात. मी सायकल त्यांच्या अगदी जवळ नेली, वाकून हात लांब केला आणि त्यांचा शर्ट मागून ओढला.

ते निघाले.