एकोणनव्वद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — कुणास ठाऊक.

दिल्लीत, पहाडगंजच्या मराठी शाळेत साळवीबाई आम्हाला गणित शिकवायच्या. पदराला कायम खडूची पूड. कुणाच्या तोंडून 'उनतीस' गेलं की त्याला बाकावर उभं करायच्या. "बाहेर हिंदी आहेच की रे, इथे एकोणतीस म्हणायचं!" मला ते 'एकोण' कधी जमलंच नाही. सगळा वर्ग सुरात म्हणायचा आणि मी नुसते ओठ हलवायचो. तो सूर आठवला की अजूनही बरं वाटतं.

मी इस्पितळात सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ. गेल्या हिवाळ्यात बाई आमच्या विभागात आल्या — हृदयाच्या तपासणीला. व्हीलचेअरवर, जाड कोट, वर शाल. मला पाहताच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हा माझा विद्यार्थी!" मी फुलून गेलो. वजन विचारलं. "एकोणनव्वद," म्हणाल्या.

या तपासणीत शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध सोडतात, माणसाच्या वजनाप्रमाणे. भरदार अंगाला ते कमी पडलं की रक्तात विरळ होतं, हृदयाच्या नसा फिक्या दिसतात. हे तर माझं रोजचं काम. मग काट्यावर का नाही उभं केलं? आकडा नीट कळला नव्हता, तर निदान पुन्हा का नाही विचारलं? — बाई नुकत्याच 'विद्यार्थी' म्हणाल्या होत्या ना! अंदाजानं उनहत्तर धरलं, म्हणजे एकोणसत्तर.

चित्रं फिकी आली. डॉक्टरांनी वजन करायला लावलं, ते नवासी निघालं — म्हणजे एकोणनव्वद — आणि डॉक्टर चिडले. आणि मी — मी म्हणालो, "सर, पेशंट ने ही गलत बताया."

"माताजी, वजन भी कोई छुपाता है?" डॉक्टर हसले.

बाई गोंधळल्या. "मी किती म्हणाले होते रे?"

"उनहत्तर."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल. वय झालं आता."

जन्मभर आकडे शिकवलेली बाई! मला लाज वाटली. तरी मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

काही दिवसांनी तपासणी पुन्हा झाली. पुन्हा सुई, पुन्हा ते औषध, त्या थकलेल्या हृदयाला. मी काही विचारायच्या आतच बाई हळू आवाजात, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "न-वा-सी."

हिंदीत. साळवीबाई.

मी मान हलवली आणि मशीनमध्ये ८९ भरलं.