रिंगणाला पाणी घालणारे चाचा

ओमानात तेल आहे हे जगाला ठाऊक आहे. पण तिथे मातीही आहे, हे फक्त आमच्या चाचांनाच ठाऊक होतं. चाचा म्हणजे आमच्या कंपनीच्या पाण्याच्या टँकरवरचे ड्रायव्हर, रत्नागिरीकडचे. आठवडाभर बांधकामांवर पाणी पोचवायचं आणि गुरुवारी दुपारी अर्बाबच्या, म्हणजे आमच्या ओमानी मालकाच्या हुकमाने टँकर माबेला गावाच्या पलीकडे न्यायचा. तिथल्या माळावर हिवाळ्यात जत्रा भरे. पाळणे, हलव्याची दुकानं आणि मधोमध मातीचं लंबगोल रिंगण. शुक्रवारी सकाळी त्यावर उंट पळत. आदल्या दिवशी पाणी मारून धूळ बसवायची, एवढंच चाचांचं काम. त्यांनी त्याचा संसार करून टाकला.

मी तिथे नोकरीला लागलो तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि रिंगणावरच्या आपल्या पहिल्या वर्षाची गोष्ट चाचा तेव्हाही रंगवून सांगत. ती चूक फक्त कोकणी माणूसच करू जाणे. गोल जमीन म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं ते भात झोडायचं खळं. चार रात्री खपून त्यांनी ओली माती चोपून चोपून आरशासारखी केली. शेण मिळेना, म्हणून उंटाच्या लेंड्या भिजवून सारवायचाही प्रयत्न केला. तो फसला म्हणून वाचले. शुक्रवारी पहिल्याच वळणावर पाच उंट पाय फाकवून खाली बसले. अर्बाब लाल झाला. चाचा शांतपणे त्याला म्हणाले, "अर्बाब, जमीन एक नंबर है. जानवर को आदत नहीं है." पुढे त्यांनीच लोखंडी खाटेची जाळी टँकरमागे बांधून ओढली, माती मोकळी केली, आणि ती जाळी शेवटपर्यंत कुणाला हात लावू दिली नाही.

माती ते पायाने वाचत. चप्पल हातात घेऊन रिंगणाची फेरी मारत आणि चिमूट जिभेवर ठेवून "आज खारी हाय, पानी कमी लागंल" असा निकाल देत. कॅलेंडर त्यांना मान्य नव्हतं. थोरलीचं लग्न झालं ते 'ओढ्याची तांबडी माती टाकली त्या साली', धाकटा जन्मला तो 'दुसरा वळण खचला तवा'. पासपोर्टच्या अर्जावर धाकट्याची जन्मतारीख भरायची वेळ आली, तेव्हा माझा अख्खा शुक्रवार वळण कधी खचलं याच्या चौकशीत गेला.

मग दोन हजारच्या पुढे कधीतरी बातमी आली, की जत्रेच्या जागेवर घरांचे प्लॉट पडणार. चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसले. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बाप बंदरावर हमाल होता, मी इतिहास घेऊन बी.ए. झालो, हे मी कुणी न विचारता सांगतो, त्यामुळे चाचांना ते माहीत होतंच.

"ए बी.ए.," ते म्हणाले, "तू हिस्ट्री शिकलास ना? मग ह्या जमिनीची लिही. बिल्डिंगी आल्यावर कोन सांगंल, हितं काय व्हता?"

शेवटच्या शुक्रवारी अर्बाब ते सगळ्यांसमोर वाचणार, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी टेचात दोन पानं इंग्रजीत लिहिली आणि मराठीतून वाचून दाखवली. परंपरा, वारसा, संस्कृती, काही बाकी ठेवलं नाही.

"लय भारी," चाचा म्हणाले. "पन हा मैदान कुठला?"

तिथून त्यांनी मला थेट माळावर नेलं आणि बूट काढायला लावले. "हितं पांढरी सांडणी पडली, उठली नि तिसरी आली. हितं मऊ हाय ना? हितं पयल्या साली मी उंट बसवले." एका फेरीत त्या माणसाने मला जे शिकवलं, ते कॉलेजच्या तीन वर्षांत मिळालं नव्हतं. मी पुन्हा लिहिलं, मातीसकट. आणि सुरुवातीलाच चाचांचं नाव घातलं.

वाचून दाखवताच ते भडकले. "माझा नाव काढ."

"का? एवढी वर्षं पाणी कोणी घातलं?"

"झाडावर पानी घालनाऱ्याचा नाव लिवतात काय रं?"

मी नाव खोडलं.

शेवटच्या शुक्रवारी शर्यत संपल्यावर अर्बाबने भोंग्यावरून ती पानं अरबीत वाचली. ऑफिसातल्या ओमानी कारकुनाने ती उतरवून दिली होती. जुन्या उंटांची नावं आली की म्हातारे मान डोलवत. वाचून झालं, अर्बाबने कागद खाली ठेवला आणि कागदावर नसलेलं एक वाक्य बोलून दूर उभ्या टँकरकडे हात केला. सगळे तिकडे वळून टाळ्या वाजवू लागले.

टँकरजवळ उभ्या चाचांना वाटलं, पाणी मारायचा हुकूम झाला. "यल्ला!" म्हणत ते वर चढले. आता या मातीवर कुणी पळणार नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही वळणं घेत, सावकाश, अख्खी फेरी मारली. ती पुरी होईपर्यंत अर्बाबसुद्धा जागचा हलला नाही.

खाली उतरून त्यांनी मला विचारलं, "टाळ्या कशाला वाजवत व्हते रं?"

मला खरं सांगवेना. म्हणालो, "पाणी छान बसलं म्हणून, चाचा."

त्यांनी वळून ओल्या मातीकडे पाहिलं. "व्हय," म्हणाले, "आज बसला खरा."