तिसऱ्या अर्जाखालची सही

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला पनवेलमधल्या एका पोलीस ठाण्याच्या महिला समितीवर घेतलं. काम एकच. नवऱ्याविरुद्ध अर्ज घेऊन आलेल्या बाईला समजावून परत घरी धाडायचं. याला आम्ही ‘संसार वाचवणं’ म्हणायचो. दर शनिवारी दोन-तीन संसार वाचवायचे, सामोसे खायचे आणि सुटायचं.

सुकापूरच्या एका बाईला नवऱ्याने गळा दाबून मारलं. पेपरात नाव वाचलं, ओळखीचं वाटलं. पुढच्या बैठकीत मी तिचे जुने अर्ज मागितले.

“मेलेल्या बाईचे अर्ज वाचून काय मिळणार, मॅडम?” ठाण्याच्या साहेबांनी विचारलं.

“आपण काय केलं ते कळेल.”

“आपण? आपण तर तीनदा मिटवलं होतं!” अध्यक्षबाई म्हणाल्या. अभिमानाने म्हणाल्या हो!

अर्ज तीन निघाले. पहिल्यात थपडा. दुसऱ्यात मोबाइल फोडला, माहेरी जाऊ देत नाही. तिसऱ्यात, ‘गळा दाबतो, डोळ्यांपुढे अंधारी येते.’ तिन्हींवर शेरा एकच, ‘आपसांत मिटले.’ तिसऱ्याखाली सही माझी. त्या दिवशी त्या गृहस्थाने आमच्यादेखत बायकोला पेढा भरवला होता आणि आम्ही पाच शहाण्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जन्मभर पोरांच्या वह्यांतल्या काना-मात्रेच्या चुका काढल्या मी, पण ते एवढं वाक्य मला दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, यापुढे प्रत्येकीला गळ्याचं विचारायचं. ‘हो’ म्हणाली तर समजूत नाही, थेट गुन्हा. “असले अभद्र प्रश्न नकोत,” म्हणून अध्यक्षबाईंनी सामोसे मागवले.

दोन आठवड्यांनी गव्हाणची एक मुलगी आली. अध्यक्षबाईंनी नेहमीचं सुरू केलं, “भांड्याला भांडं लागायचंच...”

मी मध्येच विचारलं, “गळा धरतो का गं?”

“दोनदा धरला,” ती म्हणाली. “पन कुनी इचारलाच नाय.”

गुन्हा नोंदवेपर्यंत मी खुर्चीवरून हलले नाही. साहेब घड्याळ बघत होते, बघू देत. संध्याकाळी तिचा भाऊ येऊन तिला आपट्याला माहेरी घेऊन गेला. ती आजही तिथेच आहे, जिवंत.

पुढच्या वर्षी समितीच्या यादीत माझं नाव नव्हतं. ‘मॅडम संसार मोडतात,’ असं अध्यक्षबाई गावभर सांगत होत्या. मग एकदा मंडईत समितीतली सगळ्यांत धाकटी बाई भेटली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, “मी विचारते हं सगळ्यांना. अध्यक्षबाई हात धुवायला उठल्या की.”