भाईंनी बंद केलेला थेंब

शेजारच्या गुजराती भाईंना काहीही विचारा, उत्तर तयार असतं. भिंतीला ओल का आली, विमान उशिरा का सुटलं, परदेशातली लढाई किती दिवस चालणार, कशासाठीही ते विचार करायला थांबत नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि माझी बायको त्यांना विचारते, माझं पोट दुखतं ते तिथे.

गैरसमज नको. भाईंना स्वतःची बायको आहे. ती त्यांचं एक अक्षर ऐकत नाही, म्हणून तर ते रोज संध्याकाळी साडेपाचला आमच्या ओट्यावरच्या हिंचक्यावर येऊन झोके घेत बसतात. विमा कचेरीत बाबूगिरी करून निवृत्त झालेला माणूस. हातात कधी पाना धरलेला नाही. मी कोयलीच्या रिफायनरीत चौतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते आमच्या घरात शब्दशः खरं.

आमचं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, विमानतळापासून फार लांब नाही. डोक्यावरून विमान गेलं की भाई मनगटावरचं घड्याळ बघतात आणि म्हणतात, "दिल्लीवाळी. बार मिनिट मोडी." म्हणजे बारा मिनिटं उशीर. कशावरून दिल्लीचं, ते त्यांनाच माहीत. मग पुढे सुरू. पायलटला हल्ली काही काम नसतं, सगळं मशीनच करतं. तेल महागणार, कारण लढाई. लढाई दिवाळीपर्यंत मिटणार, कारण तेल. हा माणूस उभ्या जन्मात एकदाच विमानात बसला आहे, तेही जाताना. येताना रेल्वेने आला.

मी कंपनीच्या कामाने आसामपर्यंत किती वेळा उडालो, त्याची मोजदाद नाही. पण बंगळुरूला मुलीच्या बाळंतपणाला जायचं ठरलं, बायको पहिल्यांदाच एकटी विमानात बसणार, तेव्हा कुठली सीट घ्यावी हे तिने कोणाला विचारलं? भाईंना. मी समोर चहा पीत बसलो होतो.

"छेल्ली लाइन, भाभी," भाई म्हणाले. "मागचा भाग सर्वांत भक्कम. चिंता नथी."

शेवटच्या रांगेत सर्वांत जास्त हलतं. हिला साध्या बसमध्येही लिंबू हुंगत बसावं लागतं. पण मी चहा संपवला. मला विचारलंय का कोणी? तिने मुलीला फोन करून शेवटच्या रांगेतली सीट घ्यायला लावली.

ती मला का विचारत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या रिफायनरीत बारीकसारीक दुरुस्तीसाठी चालतं युनिट थांबवत नाहीत. यादी करून ठेवायची आणि काही वर्षांनी शटडाऊन आला की सगळं एकदम उरकायचं. ही सवय मी घरी आणली. मुदपाकखान्यातला ड्रॉवर अडकतो, नळ गळतो, जाळीचं दार घासतं, तिने काहीही सांगितलं की मी वहीत लिहून घ्यायचो आणि म्हणायचो, "शटडाऊनला बघू." आधी ती हसायची. नंतर तिने सांगायचं सोडलं. निवृत्त झाल्यावर तर काय, रोजच शटडाऊन, तरी वही तशीच राहिली. आणि एके दिवशी भाई पेचकस घेऊन आले आणि पाच मिनिटांत ड्रॉवर चालू करून गेले. स्क्रू वाकडा बसवला होता. मी तो तिला मुद्दाम दाखवला. ती म्हणाली, "वाकडा असू दे, उघडतोय ना."

मग तो मंगळवार आला.

आमच्या गिझरच्या खाली एक छोटा व्हॉल्व्ह आहे. पाणी तापलं की त्यातून थेंब थेंब पाणी पडतं. ती खाली प्लास्टिकचा मग ठेवायची. त्या दिवशी भाई आले तेव्हा ती म्हणाली, "भाई, जरा हे बघता का? केवढं पाणी वाया जातं."

भाईंनी मान वर करून बघितलं. "लीक छे," म्हणाले. घरून गळती बुजवायची कसलीशी पुट्टी घेऊन आले, दोन रंगांच्या गोळ्या मळून एक केल्या आणि व्हॉल्व्हच्या तोंडात बोटाने दाबून भरल्या. थेंब बंद.

आता सांगायला हवं. तो लीक नव्हता. पाणी तापलं की फुगतं, त्याला कुठूनतरी बाहेर पडायला वाट लागते, आणि तो थेंब ही ती वाट. ती बुजवली आणि गिझर आपोआप बंद व्हायचा राहिला, तर टाकी फुटते. हे मला कोणी शिकवायला नको. माझी सगळी नोकरी सेफ्टी व्हॉल्व्हवरच गेली. प्रत्येक व्हॉल्व्ह तपासून त्याला तार बांधायची, तारेला शिशाचं सील लावायचं, आणि त्या सीलला कोणी हात लावला तर त्याची मी गय केली नाही. एकदा एका बड्या साहेबाला सगळ्यांसमोर सुनावलं होतं.

आणि इथे दहा पावलांवर खुर्चीत बसून मी बघत होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ती हसत भाईंना म्हणाली, "बघा, पाच मिनिटांत झालं. आमच्या ह्यांच्यावर सोडलं असतं तर शटडाऊनपर्यंत मगच्या मग भरत बसलो असतो." भाईही हसले. मी पेपरचं पान उलटलं.

जळफळाट म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं. माणूस नुसता चिडत नाही, हिशेबी होतो. मी ठरवलं, हिने येऊन मला विचारायला हवं. एकदाच. "अहो, भाईंनी केलं ते बरोबर आहे का?" एवढंच. मग मी सगळं सांगेन.

बुधवारी तिने गिझर लावला तसा मी पाच मिनिटांनी जाऊन बंद केला. गुरुवारीही तसंच. म्हणजे तिला धोक्यात ठेवण्याइतका मी दुष्ट नाही, असं मी मला समजावलं. "अहो, पाणी कोमटच आहे," ती आतून म्हणाली. मी म्हटलं, "पुरे तेवढं." मला वाटलं, आता तरी विचारेल, बाथरूमच्या दाराशी का घुटमळताय म्हणून. तिने संध्याकाळी भाईंना सांगितलं की गिझर नीट तापत नाही. भाईंनी गिझरच्या खालची तापमानाची चकती शेवटपर्यंत फिरवली. "हवे जुओ," म्हणाले. आता बघा.

आता तो आपोआप बंद होईल याचाही भरवसा उरला नव्हता. तरी बोललो का? नाही. उलट मला भारी कल्पना सुचली. शुक्रवारी सकाळी उठून मी लहरीपुऱ्याच्या बाजारात गेलो, नवा व्हॉल्व्ह आणायला. साडेपाचला भाई आले की त्यांच्यासमोर, तिच्यासमोर, जुना काढायचा, त्यातली पुट्टी दाखवायची आणि मग एकेक गोष्ट शांतपणे समजावून सांगायची. दुकानात मी दोन व्हॉल्व्ह हातात घेऊन वजन बघितलं, आटे बघितले. दुकानदाराला प्रेशरबद्दल चार गोष्टी सांगितल्या. तो म्हातारा मन लावून ऐकत होता, मला बरं वाटलं, आणखी चार सांगितल्या. बाहेर पडून सेव-उसळ खाल्ली. संध्याकाळी कुठलं वाक्य आधी म्हणायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती. घरी गिझर बंद करायला कोणी नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फाटक उघडलं आणि आवाज आला. बारीक, ताणलेला, कण्हल्यासारखा. आमच्या लाइनीतल्या माणसाला तो कोंडलेल्या वाफेचा आवाज झोपेतही ओळखू येतो. मी चपला न काढता आत धावलो. गिझरचा लाल दिवा चालूच. ती त्याच्या बरोबर खाली पाटावर बसून साड्या धूत होती.

मी बटण बंद केलं आणि म्हटलं, "बाहेर ये."

"थांबा, एवढी पिळते."

मी तिचा दंड धरून तिला ओढलं. ती घसरली, गुडघा उंबऱ्याला आपटला, पण बाहेर आली. मग पॅसेजमधल्या बेसिनचा गरम पाण्याचा नळ लांबून, हातावर टॉवेल गुंडाळून उघडला. वाफ आणि पाणी असं काही फुसफुसत बाहेर आलं की समोरचा आरसा दिसेनासा झाला. बराच वेळ ते चाललं. फुटलं काही नाही.

ती खुर्चीत बसली, गुडघा धरून. "काय झालं होतं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. पाणी कसं फुगतं, तो थेंब कशासाठी असतो, चकती फिरवल्यावर गिझर आपोआप का बंद झाला नसेल. ती माझ्याकडे बघत होती, मध्ये बोलत नव्हती, मान हलवत होती. कित्येक वर्षांत तिने माझं असं ऐकलं नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण मला त्या क्षणी छान वाटत होतं.

मग तिची नजर माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेली. तिने ती घेतली, व्हॉल्व्ह बाहेर काढला आणि उलटसुलट बघितला.

"हा आत्ता आणलात?"

"हो."

"म्हणजे जायच्या आधी ठाऊक होतं."

मी पायातल्या चपला काढल्या.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"मंगळवारपासून."

"मी रोज त्याच्याखाली बसत होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

"तू मला विचारलं नाहीस."

"तीस वर्षं विचारलं." ती उठली. "भाईंना कळत नव्हतं, तरी ते उठले. तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही पेपर वाचत बसलात."

संध्याकाळी भाई आले. तिने नेहमीसारखा चहा दिला, गुडघ्याला काय झालं म्हटल्यावर घसरले म्हणाली. नवा व्हॉल्व्ह मी आधीच बसवला होता. भाईंनी तो बघितला, थेंब पडताना बघितला, मी दोन वाक्यांत कारण सांगितलं. ते म्हणाले, "आ तो हुं पण कहेवानो हतो." हे तर मीही सांगणारच होतो. एरवी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला तो वेगळाच. हा माणूस घरी जाऊन आरामात जेवणार होता.

त्यानंतर ती मला सगळं विचारू लागली. हा प्लग बरोबर आहे ना. गॅसची नळी बदलायची का. भाई हिंचक्यावर काही बोलले की ती माझ्याकडे वळते, "काही ठाऊक असेल तर आत्ताच सांगा." मला हेच हवं होतं. अगदी हेच. आणि प्रत्येक वेळी तिने विचारलं की मला खुर्चीतून उठून जावंसं वाटतं.

पंधरा दिवसांनी मी तिला विमानतळावर सोडायला गेलो. दारापुढे मला जाता येत नव्हतं. तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला, ओळखपत्र हातात धरलं आणि थांबली.

"विमानाचं काही सांगायचं राहिलं नाही ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण तिच्या गुडघ्याकडे लक्ष गेलं, ती अजून जपून पाय टाकत होती.

"शेवटच्या रांगेत जरा जास्त हलतं," मी म्हणालो. "काउंटरवर मागून बघ, पुढची मिळाली तर."

तिने हातातल्या कागदावरचा सीट नंबर बघितला. मग माझ्याकडे बघितलं. कधीपासून ठाऊक होतं, हे या वेळी तिने विचारलंच नाही.