सहीखालचा उलटा पंखा

त्या मेकॅनिक भीमाशंकरचं नाव निघालं की आजही माझं डोकं तापतं. मग त्याच्यापाठोपाठ स्वतःचाही राग येतो, म्हणून हे लिहून टाकतो.

मी कर्नाटकातल्या हुलसूरच्या मराठी शाळेत मास्तर होतो. २००४ साली आमच्या गल्लीत अंबिकानं टायपिंगचं दुकान काढलं. नवरा अमृतप्पा पुण्याला कारखान्यात. कॉम्प्युटर त्यानंच पाठवलेला. कानडी टाइप करणारे आसपास पुष्कळ, मराठी करणारी ही एकटी. दुकान चालायचं ते आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिकांवर. ते काम गेलं तर दुकान मोडून पुण्याच्या एका खोलीत जावं लागणार, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तिला जायचं नव्हतं.

मशीनची देखभाल भीमाशंकरकडे. बसवकल्याणहून मोटारसायकलवर यायचा, बोलायला लोण्यासारखा मऊ. अंबिकाला भाऊ नव्हता. दुसऱ्या वर्षी तिनं त्याला राखी बांधली. तो कॉम्प्युटरचा डबा उघडायचा, धूळ काढायचा, स्क्रू आवळायचा आणि जोडावर कागदाची पट्टी चिकटवून वर सही ठोकायचा.

"ही पट्टी फाडू नको, अक्का. फाडलीस तर पुढं माझी जबाबदारी न्हाई."

तिनं ती पट्टी अंगाऱ्याच्या पुडीसारखी जपली.

राखीनंतर महिन्याभरात मशीन दुपारी बंद पडायला लागलं. अर्धी प्रश्नपत्रिका टाइप झाली की पडदा काळा. भीमाशंकर म्हणाला, वर विणलेला रुमाल घालतीस म्हणून तापतंय. तिनं रुमाल काढला. मग म्हणाला, भिंतीला चिकटलंय. तिनं टेबल खोलीच्या मधोमध ओढलं. गिऱ्हाइकं आडवी होऊन आत शिरायला लागली. शेवटी उदबत्तीच्या धुरावर खापर फुटलं, तर तिनं रोजची उदबत्तीही बंद केली. दर वेळी डबा उघडला, जुन्या पट्टीवर नवी पट्टी, नवी सही.

"तुझ्याच हातानं तापायलंय, अक्का," तो म्हणायचा. ती वेडी स्वतःलाच दोष देत बसायची.

वर्षभरानं तो मला शाळेत येऊन भेटला. "गुरुजी, अक्काचं मशीन थकलंय. बसवकल्याणला माझ्या मेव्हणीनं दुकान टाकलंय. मराठीबी करती." मी सहामाहीच्या प्रश्नपत्रिका तिकडे देऊन टाकल्या. अंबिकानं ट्रंक भरायला घेतली.

खंडेनवमीला मी तिच्याकडे प्रसादाला गेलो. लाज नव्हतीच मला. तिनं मशीन चालू करून शेवटची पूजा मांडली आणि उदबत्ती डब्याभोवती फिरवली. मागच्या बाजूला हात थांबला. तिथल्या पंख्याच्या जाळीतून धूर आत ओढला जात होता.

"गुरुजी, पहिल्या वर्षी हितं गरम वारा हाताला लागायचा. आता धूर आत कामून जायलाय?"

तिनं मशीन बंद केलं, पट्टी फाडली आणि डबा उघडला. त्याच पंख्याच्या कडेवर वारा कुठल्या दिशेला जाणार ते दाखवणारा बाण कोरलेला होता. बाण आत. वरच्या, वीज पुरवणाऱ्या पेटीचा पंखा गरम हवा बाहेर टाकत होता आणि हा खालचा तीच परत आत घेत होता. अंबिकानं चार स्क्रू काढले, पंखा उलटवला, पुन्हा बसवला. मशीन दिवेलागणीपर्यंत चाललं.

दसऱ्याला भीमाशंकर सोनं म्हणून बन्नीची पानं द्यायला आला. तिनं फाटलेल्या पट्टीचा जाड थर त्याच्यापुढे ठेवला.

"चुकून झालं असल, अक्का."

"एकदा चुकून. ह्या सात हायेत, अण्णा. सातीवर तुझी सही हाय."

तो पानं टेबलावर ठेवून निघून गेला. ती पदरात तोंड घालून रडली. परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं म्हणाली. राखी बांधलेल्या हातानं केसानं गळा कापला.

मीही बन्नी घेऊनच आलो होतो. पिशवीत नववीच्या चाचणीचे हातानं लिहिलेले कागद होते. म्हटलं, "झालं गेलं विसर बाई. काम तुझ्याकडंच."

तिनं डोळे पुसले. "गुरुजी, तुम्ही ह्याच गल्लीत ऱ्हाता. वर्षभरात एकदा तरी विचारलं का, बाई, मशीन कामून बंद पडायलंय?"

मी बन्नी पुढं केली. तिनं माझ्या हातातली पानं घेतली नाहीत. कागद घेतले आणि टाइप करायला बसली.