तबीयातचा वजिफा

मॅट्रिक मी नांदेडच्या सरकारी शाळेतून झालो. निकालानंतर हेडमास्तरांनी मला बोलावून एका अर्जावर सही घेतली. दोन महिन्यांनी, मी चाकूरजवळच्या आमच्या गावी असताना, हैदराबादहून एक उर्दू कागद आला. वडिलांनी तो पोलीस पाटलाकडे नेला, कारण गावात उर्दू वाचणारा तोच. पाटलानं अक्षरं लावत लावत तो वाचला.

"पोराला तबीयात शिकायला वजिफा मंजूर झालाय," तो म्हणाला. "म्हणजे तब्येतीचं शिक्षण. डॉक्टर होणार हाय तुझं पोरगं."

वजिफा म्हणजे शिष्यवृत्ती हे खरं, पण तबीयात म्हणजे पदार्थविज्ञान. निजामाच्या राज्यात कॉलेजचं शिक्षण उर्दूत चालायचं आणि हा शब्द मला शाळेतच माहीत झाला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोवर त्यांचं म्हणणं होतं की आता शिकणं पुरे, तहसिलीत कारकून हो. चार लोकांदेखत त्यांनी मला असं जवळ घेतल्याचं मला आठवत नव्हतं. मी गप्प राहिलो. वाटलं, हैदराबादेत पोचलो की पत्रात सगळं लिहीन.

पत्रं लिहिली, पण त्यात ते लिहिलं नाही. दर वेळी शेवटच्या ओळीपाशी हात अडायचा. बोर्डिंगच्या खोलीत मी येरझारा घालायचो, पत्र पाकिटात घालायचो, पुन्हा बाहेर काढून वाचायचो आणि तसंच पेटीत टाकायचो.

एकदा आमचे प्रोफेसर आम्हाला भर दुपारी वेधशाळेत घेऊन गेले. त्यांनी दुर्बीण सूर्याकडे वळवली आणि खाली पांढरा कागद धरला. कागदावर ताटलीएवढा सूर्य उतरला. त्यावर तिळासारखे दोन काळे डाग होते. "यातला एकेक पृथ्वीपेक्षा मोठा आहे," ते उर्दूत म्हणाले. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता आणि तो घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. परतताना सगळी मुलं बोलत होती, मी मात्र रस्ताभर मनातल्या मनात वडिलांशी भांडत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो तर आत्या बाजेवर पडलेली. ही वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं होतं. तिचा उजवा पाय चिंध्यांत गुंडाळलेला होता.

"बाभळीचा काटा मोडला," ती म्हणाली. "झाले बारा-तेरा दिस. वैदू आला व्हता, मीच वापस धाडला. म्हणलं माझा भाचा येऊन राहिलाय. तोच बघंल."

मी चिंध्या सोडल्या. पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि दोन बोटं काळी पडली होती. वास सहन होत नव्हता. वडील दारात उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"लातूरला न्यायचं. आत्ताच."

"तू न्हाई का बघत?"

"आबा, गाडी जुंपा," मी म्हणालो. यापुढं एक शब्द बोललो असतो तर रडलो असतो.

लातूरपर्यंत मी गाडीत बसलो नाही, चाकाच्या बाजूनं चालत राहिलो. दवाखान्यात डॉक्टर पाय धुऊ लागले तेव्हा वडील त्यांना म्हणाले, "ह्यो बी तुमच्यातलाच हाय. हैदराबादला तबीयात शिकून राहिलाय."

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते हसले नाहीत. "अहो, तबीयातमध्ये उष्णता, प्रकाश, तारे हे शिकवतात," ते म्हणाले. "औषधाचा त्याच्याशी संबंध नाही." आणि पुन्हा कामाला लागले.

आत्याची दोन बोटं काढावी लागली. ती दवाखान्यात राहिली आणि आम्ही दोघं बाहेर चिंचेखाली बसलो. वडील म्हणाले, "तुला पहिल्यापासून ठाव व्हतं?"

"हाव."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही जाऊ दिलं नसतं."

ते नाही म्हणाले नाहीत. नंतर त्यांनी एवढंच विचारलं की, आता तरी डॉक्टरकी घेता येईल का.

हैदराबादला परतल्याबरोबर मी विषय बदलून मिळावा म्हणून अर्ज केला. त्या आठवड्यात माझं जेवणात लक्ष नव्हतं, वर्गातही नव्हतं. प्रोफेसरांनी बोलावून सांगितलं की डॉक्टरकीला लागणारा जीवशास्त्राचा अभ्यास माझा झालेला नाही, आणि वजिफा याच विषयापुरता आहे. विषय सोडला की तोही बंद. अर्ज त्यांनी माझ्या हातात परत दिला. मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की मी त्यांचे आभारही न मानता बाहेर पडलो.

उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा आत्या टाचेवर भार देत अंगणात चालत होती. गावातले दोघंतिघं अजूनही नाडी बघायला मनगट पुढं करायचे. प्रत्येकाला मी म्हणायचो, "मी डॉक्टर न्हाई." वडील ते ऐकायचे. पण वजिफा सोड असं ते कधी म्हणाले नाहीत.

एक दिवस आत्या डाळ निवडत होती. मी म्हणालो, "आत्या, माझ्यामुळं झालं."

"आरं, तू सांगितलं असतंस तर मी तवाच लातूरला गेले असते की," ती सहज म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "बरं, शिकतोस काय ते तरी सांग."

मी तिला सूर्यावरच्या डागांबद्दल सांगायला लागलो. ती खाली बघत निवडत राहिली, मधून मधून "हाव" म्हणत राहिली. मला एका जागी बसवेना. बोलता बोलता मी उठलो आणि अंगणात फेऱ्या घालत राहिलो. तिच्या पायाकडं बघत घरात राहवेना; सुट्टी संपायला चार दिवस होते, तरी दुसऱ्या दिवशीच मी हैदराबादची वाट धरली.